शटरमागची थंडी : पार्किंगच्या खोलीतलं सुतारकाम पहाटे उबदार कसं ठेवायचं?

पहाटेचा रंधा | १७ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. घर नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला. पार्किंगला लागून १२ बाय १८ फुटांची खोली आहे, पुढे १० बाय ८ फुटांचं पत्र्याचं शटर, तोंड उत्तरेला. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर आमचंच घर. दोन्हीकडे ९ इंची विटांच्या भिंती, मागे घरात जायचा दरवाजा, खाली शहाबादी फरशी. चार वर्षांपासून माझं सुतारकाम इथेच चालतं. कंपनीत दुसरी शिफ्ट असते त्या आठवड्यात पहाटे साडेपाच ते आठ ही माझी हक्काची वेळ.

बहिणीच्या बाळासाठी सागाचा पाळणा करतोय. गेल्या आठवड्यात चारही पायांचे कुसवाचे सांधे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते ते) गोंद लावून शिकंज्यात आवळले आणि चोवीस तासांनी सोडले. एक पाय हातानेच निघून आला. कुसवावर गोंदाचा पापुद्रा नव्हताच, खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता, नखाने खरवडला तर उडून गेला. बाळाला ज्यात झोपवायचं त्याचा सांधा असा सुटलेला पाहून पोटात गोळा आला. बाकीचे तीनही सांधे मी उघडून टाकले.

त्या पहाटे खोलीतल्या तापमापकावर साडेअकरा अंश होते आणि शटरजवळच्या बाकावर १०. बाहेर ९. म्हणजे शटर असून नसल्यासारखंच. शटरला आतून थर्माकोल चिकटवायचा विचार आहे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये गॅरेजच्या दाराला असेच तुकडे बसवतात. कुणी केलंय का? किती जाडीचा घ्यावा?

शटरवाला, सिडको | १७ डिसेंबर, रात्री १०.३०

दादा, थर्माकोल आणायच्या आधी हे वाचा. वीस वर्षं शटर बसवतोय.

व्हिडिओत दिसतं ते दार वेगळं असतं. त्याचे चार-पाच रुंद सपाट भाग असतात आणि ते रुळावरून वर जाऊन छताखाली आडवे होतात. प्रत्येक भागाच्या चौकटीत इन्सुलेशनचा तुकडा मावतो. आपलं शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या अरुंद पट्ट्या, त्या वरच्या ड्रमवर गुंडाळल्या जातात. गुंडाळताना पट्टीवर पट्टी बसते, मध्ये पाव इंचही जागा उरत नाही. एका गाळ्यात मालकाने हौसेने प्रत्येक पट्टीवर थर्माकोलच्या चिरफळ्या चिकटवल्या होत्या. पहिल्यांदा वर ढकललं आणि अर्ध्यावर शटर अडकलं. मला बोलावलं तेव्हा ड्रममधून पांढरे दाणे गळत होते आणि एक पट्टी बाजूच्या चॅनेलमधून, म्हणजे पट्ट्या सरकतात त्या खाचेतून, बाहेर आली होती.

वजनाचंही बघा. ड्रममधली स्प्रिंग शटरच्या वजनाला तोलून ताणलेली असते. वजन वाढवलंत की शटर जड होतं, वर थांबत नाही, सुटलं तर धाडकन खाली येतं. तुमच्या त्या व्हिडिओतल्या दारांनाही हा नियम लागू आहे, वजन वाढलं की स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागते. आणि ताणलेल्या स्प्रिंगला घरच्या घरी पाना लावू नका, हात मोडतो.

शटरला काहीही चिकटवायचं नाही. जे करायचं ते शटरच्या मागे, सुटं.

पिंपळगाव कोल्डरूम | १७ डिसेंबर, रात्री ११.१५

शटरवाले भाऊंशी सहमत. मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या प्रीकूलिंग (तोडणीनंतर माल झटपट गार करणं) आणि कोल्ड स्टोरेजची देखभाल करतो. आमचं काम थंडी आत ठेवण्याचं, तुमचं बाहेर ठेवण्याचं. हिशेब तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उष्णता दोन वाटांनी जाते, पत्र्यातून आणि फटीतून. आधी पत्रा. तुमचं शटर ८० चौरस फूट, म्हणजे ७.४ चौरस मीटर. उघडा पत्रा आतबाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे साधारण ६ वॅट उष्णता जाऊ देतो. आत १९ आणि बाहेर ९ ठेवायचं म्हटलं तर नुसत्या शटरमधून ४५० वॅटच्या आसपास गेले. मागे २५ मिलिमीटर जाडीचा चांगला फोमचा बोर्ड उभा केला तर हाच आकडा ७५ वॅटवर येतो. आमच्यासारखं ६० मिलिमीटरचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) लावलं तर २५ ते ३० वॅट. पहिल्या इंचानेच पावणेचारशे वॅट वाचवले, पुढच्या दीड इंचाने जेमतेम पन्नास. म्हणून जाडीच्या मागे लागू नका.

आता फट. शटरच्या खाली अर्धा इंच फट आहे असं धरा. १० फूट लांबीवर अर्धा इंच म्हणजे ६० चौरस इंच, म्हणजेच भिंतीत ८ बाय ८ इंचांचा झरोका कायमचा उघडा. त्यातून सेकंदाला १ मीटर, म्हणजे अंगाला जेमतेम जाणवेल एवढी झुळूक आत येत राहिली तरी ती हवा १० अंशांनी तापवायला पुन्हा साधारण ४५० वॅट लागतात. एक खालची फट अख्ख्या पत्र्याच्या बरोबरीची! आणि बाजूच्या चॅनेलच्या, वरच्या ड्रमच्या फटी वेगळ्याच.

पहाटे एक उदबत्ती लावून शटरच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळेल तिथे खडूने खूण करा. ते आधी बुजवा, बोर्डाचं नंतर बघू.

देवळाली कॅम्प | १८ डिसेंबर, सकाळी ७.०५

एवढा खटाटोप कशाला? नाशिकची कडक थंडी डिसेंबर-जानेवारीची, मोजून सहा-आठ आठवडे. २ किलोवॅटचा हीटर लावा, तासाला २ युनिट जळतील, पहाटेच्या अडीच तासांचे ५ युनिट. मी तेच करतो.

पहाटेचा रंधा | १८ डिसेंबर, रात्री ९.१५

देवळालीकर काका, हीटर मागच्या वर्षी लावून पाहिला होता. तोंडावर ऊब आणि पाय बर्फ. तासाभराने हवा थोडी तापायची, पण लाकूड आणि लोखंडी शिकंजे गारच. बंद केला की दहा मिनिटांत पहिल्यासारखं.

कोल्डरूम दादा, उदबत्ती फिरवली. खाली डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, उजवीकडे कमी. चॅनेलमध्ये धूर दोन्हीकडे हलतो. पण सगळ्यात मोठी वाट वर निघाली. ड्रम आणि छतामध्ये चांगली चार इंच मोकळी जागा आहे, तिकडे धूर सरळ वर खेचला गेला. चार वर्षांत कधी मान वर करून बघितलंच नव्हतं.

शटरवाला, सिडको | १८ डिसेंबर, रात्री १०.००

गरम हवा वर जाते, म्हणून वरची फट ओढते आणि खालची पुरवते. दोन्ही बुजवल्या तरच उपयोग.

वर जुनं कापड, चिंध्या, गादीचा कापूस कोंबू नका. शटर वर जाताना ड्रम फिरतो, कापड त्यात ओढलं जातं आणि गुंडाळी आवळते. ६ मिलिमीटर प्लायची पेटी करा, शटर पूर्ण गुंडाळलेल्या ड्रमपासून सगळीकडून दोन इंच लांब, पुढचा फळा स्क्रूवर ठेवा म्हणजे स्प्रिंगचं काम निघालं तर उघडता येईल. पेटी आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन.

चॅनेलला नायलॉनच्या केसांची ब्रश पट्टी मिळते, आतल्या बाजूने अशी लावा की केस पट्ट्यांना हलकेच टेकतील. खाली रबर लावायच्या आधी फरशी बघा. पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, म्हणून डावीकडे बोट जातं आणि उजवीकडे नाही. जाड रबर लावून हे सुटत नाही. शटर पूर्ण खाली घेऊन जमिनीवर त्याची रेघ मारा आणि त्या रेघेवर सिमेंटचा बारीक उंबरठा ओता, फट मोठी त्या बाजूला जाड आणि लहान त्या बाजूला पातळ. मग साधं रबरही बसतं.

पंचवटीची मावशी | १९ डिसेंबर, दुपारी २.२०

मी शिवणकाम करते, माझंही दुकान शटरचंच आहे. मला प्लाय-फोम जमणारं नव्हतं, म्हणून तीन वर्षांपूर्वी गोधडीचा पडदा केला. जुन्या सुती नऊवारींचे पाच थर, आत एक जुनं घोंगडं, सगळं धावदोऱ्याने घट्ट. वर लोखंडी नळीत कड्या, खालच्या शिवणीत दुमडून वाळूच्या लांबट पिशव्या घातल्या, त्यामुळे पडदा जमिनीला टेकून राहतो आणि वाऱ्याने उडत नाही. दोन्ही बाजूंना भिंतीवर वेल्क्रो. सकाळी शटर उघडायच्या आधी एका बाजूला सरकवते.

धावदोरा हातभर अंतरावर घालू नका, थर खाली घसरतात आणि वर नुसतं कापड उरतं. दोन बोटांवर टाके हवेत. माझ्या आईने शिकवलेली गोष्ट, पडद्यालाही तितकीच लागू पडली.

भावाच्या पाळण्याचं वाचून वाईट वाटलं. पण सांधा बाळ झोपायच्या आधी सुटला हे फार बरं झालं.

वेल्डर, सातपूर | १९ डिसेंबर, रात्री ८.४०

मावशी, पडदा छानच, पण रंधेवाले दादांच्या खोलीत ग्राइंडर चालत असेल तर गोधडी नको. ठिणगी सुती कापडात शिरून आतल्या आत धुमसत राहते. संध्याकाळी ग्राइंडर बंद केला आणि रात्री कापडाने पेट घेतला असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

थर्माकोलचं तर त्याहून वाईट. तो शंभर अंशांच्या आतच मऊ पडतो, पेटला की वितळून जळते थेंब टाकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. फोम कुठलाही वापरा, खोलीकडची बाजू उघडी ठेवायची नाही. प्लाय, सिमेंट बोर्ड, पत्रा, काहीतरी पुढे हवंच. चिकटवायला सॉल्व्हंटवाला पिवळा गोंद घेऊ नका, थर्माकोल त्यात साखरेसारखा विरघळतो. थिनर आणि पेट्रोलनेही तेच होतं. पाण्यातला गोंद चालतो.

अजून एक विचारतो, स्कूटर त्याच खोलीत असते का? असेल तर हीटर लावायच्या आधी बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. तापलेल्या उघड्या तारेचा हीटर लाकडाच्या भुशाजवळही नको. हवा फेकणारा हीटर तर भुसा स्वतःच ओढून घेतो.

निफाडचा बागायतदार | २० डिसेंबर, सकाळी ६.३०

आमच्याकडे नाशिकपेक्षा पारा नेहमी खालीच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात आला की लोक हळहळतात, आम्ही त्या थंडीत बागेत उभे असतो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बांधावर शेकोट्या करतो, ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं, तेवढाच वेलीला आधार.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. शेकोटी उघड्यावर असते. ती बघून कुणी बंद खोलीत कोळशाची शेगडी नेऊ नका. आमच्या ओळखीत दोन माणसं पंप हाऊसमध्ये शेगडी घेऊन दार लावून झोपली, सकाळी उठली नाहीत. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, डोळ्यांना चुरचुर नसते, झोप येतेय असंच वाटतं. तुम्ही तर आता फटी बुजवताय, म्हणजे धोका दुप्पट. खोली जितकी घट्ट, तितकी आगीची कुठलीही वस्तू आत नको. स्कूटरही आत चालू करायची नाही.

पहाटेचा रंधा | २० डिसेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कूटर आजपासून बाहेर. शेगडीचा विचार मनात आला होता, तो काढून टाकला.

फटींचं काम रविवारी करतो. बोर्डाचा आराखडा असा : १० फुटांची रुंदी तीन सुट्या पॅनलमध्ये, प्रत्येक ४० इंच रुंद. देवदारी पट्ट्यांची चौकट, त्यात २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलपेक्षा घट्ट फोम), खोलीकडून ४ मिलिमीटर प्लाय. वर-खाली टॉवर बोल्ट. एका पॅनलचं वजन १२ किलोच्या आसपास भरेल, एकट्याने उचलता येईल. शटरकडच्या बाजूला चंदेरी फॉइल लावायचा विचार आहे. चुकतंय का कुठे?

पिंपळगाव कोल्डरूम | २० डिसेंबर, रात्री ११.३०

आराखडा चांगला आहे. तीन गोष्टी.

फॉइल शटरला टेकवू नका. ते उष्णतेचे किरण परत फेकतं, पण त्यासाठी समोर मोकळी हवा लागते, निदान पाऊण इंच. पत्र्याला टेकलं की ते नुसता धातूचा पातळ कागद, काही रोखत नाही. तुमच्याकडे चॅनेलची खोली धरून दीड-दोन इंच पोकळी सहज मिळेल.

पॅनल एकमेकांना भिडतात तिथे मऊ रबर पट्टी हवी. कोल्ड रूमच्या दाराला जे गॅस्केट असतं, तेच काम. पॅनल कितीही चांगलं असलं तरी सांधा उघडा असला तर पैसा वाया.

पावसाळ्यात पॅनल काढून ठेवा, निदान उचलून बघत राहा. शटरमधून पाणी आत झिरपतं, मागे हवा खेळली नाही तर पत्रा आतून गंजतो आणि तुम्हाला दिसतही नाही. पॅनल जमिनीवर टेकवू नका, खाली फरशीचे तुकडे ठेवा.

पैसे वाचवायचे असतील तर आमच्या भागात जुनी कोल्ड रूम मोडताना निघालेली पफ पॅनलं मिळतात. दोन्हीकडून पत्रा, मध्ये फोम. कापलेल्या कडा पत्र्याच्या पट्टीने बंद कराव्या लागतात, एवढंच. ओला वास येणारं पॅनल मात्र घेऊ नका, फोमने पाणी प्यायलेलं असतं.

म्हसरूळचा पत्रा | २१ डिसेंबर, सकाळी ९.४५

माझ्या वर्कशॉपला वरही पत्रा आहे, १५ बाय २० चा. शटरचं करू की छताचं?

पिंपळगाव कोल्डरूम | २१ डिसेंबर, दुपारी १.१०

छत. तुमचं छत ३०० चौरस फूट, शटर फार तर ८०. फटी आधी, मग छत, मग शटर.

पहाटेचा रंधा | २९ डिसेंबर, सकाळी ८.३०

आकडे लिहून ठेवले होते ते देतो. सगळे पहाटे साडेपाचचे, हीटर न लावता, तापमापक शटरपासून चार फुटांवर त्याच खिळ्याला.

काही न करता : बाहेर ९, आत साडेअकरा.
फटी बुजवल्यावर : बाहेर ९, आत १४.
पॅनल लावल्यावर : बाहेर साडेआठ, आत १६.

फटींचा खर्च पॅनलच्या पाव हिश्शापेक्षाही कमी आला आणि बाहेरच्या हवेशी तुलना केली तर फरक तेवढाच पडला. पॅनलनंतर मिळालेली गोष्ट मात्र आकड्यात दिसत नाही. आधी शटरकडे पाठ करून रंधा मारताना मानेवर सतत गार काहीतरी बसल्यासारखं वाटायचं. वारा नसतानाही. ते गेलं.

हीटर आता १ किलोवॅटचा, तेल भरलेला विजेचा आणलाय, उघडी तापलेली तार नाही असा. तासाभरात १९ अंश येतात आणि बंद केल्यावरही टिकतात. पायांखाली शहाबादीवर पट्ट्या ठोकून वर जुन्या प्लायचा पाट केला. तीस मिनिटांचं काम, हे चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

नाशिकरोडचा सुतार | २९ डिसेंबर, रात्री ८.००

खोली १९ झाली म्हणून लगेच गोंद लावू नका. हवा तापते लवकर, लाकूड तापायला वेळ घेतं. बहुतेक पांढऱ्या गोंदांना साधारण १० अंशांच्या वरचं तापमान लागतं. त्याखाली गोंदातले कण एकमेकांत मुरून एकसंध पापुद्रा होत नाही, पाणी उडून जातं आणि कण सुटे राहतात. तुमची खडूची भुकटी तीच. नुसती बाटली घरातून ऊबदार आणून उपयोग नाही, गार लाकूड त्या पातळ थराला क्षणात गार करतं.

मी काय करतो, आदल्या रात्री लाकडाचे भाग आणि गोंद दोन्ही घरात नेतो. सकाळी घरातच जोडतो आणि शिकंज्यासकट चोवीस तास तिथेच ठेवतो. आणि कुसवावरची जुनी भुकटी पूर्ण खरवडा, पटाशीने ताजं लाकूड दिसेपर्यंत. त्यावर नवा गोंद धरत नाही. खरवडून कुसू सैल झाला तर सागाचाच पातळ पापुद्रा चिकटवून परत मापात आणा.

पहाटेचा रंधा | ११ जानेवारी, रात्री ९.००

तसंच केलं. दोन कुसवांना पापुद्रा लावावा लागला. जोडलेला पाळणा चोवीस तास देवघराजवळ उभा होता. काल चारही पायांवर मी स्वतः पूर्ण वजन टाकून उभा राहिलो, मग २५ किलोचं तांदळाचं पोतं ठेवून तासभर झुलवला. एकही सांधा बोलला नाही. रविवारी बारसं आहे, पाळणा उद्या जातो.

इंदिरानगर पश्चिम | ३ मे, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतोय, कारण माझा त्रास उलटा आहे. शटर पश्चिमेला, दुपारी चारनंतर पत्र्याला हात लावता येत नाही, आत भट्टी. हीच पॅनलं चालतील का?

पिंपळगाव कोल्डरूम | ३ मे, रात्री ९.४०

चालतील, आणि फॉइलचा खरा उपयोग तुम्हालाच. तापलेला पत्रा आत किरण फेकतो, रंगवलेला पृष्ठभाग ते जवळपास सगळे गिळतो, चकचकीत फॉइल जवळपास सगळे परत पाठवतं. फॉइल शटरकडे, मध्ये मोकळी हवा. तुमच्याकडे त्या पोकळीला वर आणि खाली बोटभर वाट ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून बाहेर निघून जाईल. हिवाळ्यात त्याच वाटा पट्टीने बंद करायच्या.

इंदिरानगर पश्चिम | १९ मे, संध्याकाळी ५.१५

केलं. आत्ता शटरचा पत्रा बाहेरून चटका देतोय आणि पॅनलच्या प्लायवर मी तळहात ठेवून हे लिहितोय. कोमट आहे, तेवढंच. माप घेताना एक चूक झाली ती सांगतो. मी रुंदी फक्त खाली मोजली होती आणि तिन्ही पॅनल त्याच मापात कापली. वर चौकट ११ मिलिमीटर अरुंद निघाली. तिसरं पॅनल रंधून बसवावं लागलं. वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा, उरलेलं रबर भरून काढतं.